रोस्टला जातेयस तर जूनमधे नको

अगं पोरी,

मेसेज परवाच वाचला, उत्तराला उशीर झाला कारण दोन ओळीत उरकण्यासारखं नव्हतं. नॉर्वेला शिकायला गेलेली आपली पोरं ट्रॉम्सोला जाऊन ऑरोराचे, म्हणजे रात्रीच्या आकाशातल्या रंगीत उजेडाचे, फोटो काढतात आणि परत येतात, तू लोफोटेन बेटांच्या पार शेपटाशी रोस्टला जाते म्हणतेस, ऐकून बरं वाटलं. पण ते जूनचं तिकीट काढू नको. तेव्हा मध्यरात्रीचा सूर्य असतो, पफिन पक्षी असतात, सगळं खरंय, पण ज्या कामावर ते गाव जगतं ते तोवर उरकत आलेलं असतं. मार्चमधे जा. उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्रातला कॉड मासा, तिथले लोक त्याला स्क्राई म्हणतात, जानेवारी ते एप्रिल अंडी घालायला लोफोटेनकडे येतो आणि तेव्हा ते पाचेकशे माणसांचं बेट नीट झोपतसुद्धा नाही.

पुढेमागे चार दिवस मोकळे ठेव. बोट जिथून सुटते त्या बोडो शहरापासून साधारण 100 किलोमीटर उघडा समुद्र आहे, वारा सुटला की बोट रद्द. मी बोडोतच दोन दिवस अडकलो होतो, हॉटेलचं बिल बघून पोटात गोळा आला.

आता माशांबद्दल. मी वर्सोव्याचा, लहानपण वलांडीखाली, म्हणजे मासे सुकवायच्या मांडवाखाली, खेळण्यात गेलं, त्यामुळे रोस्टला उतरल्यावर पहिल्यांदा वास ओळखीचा वाटला आणि मग समोर बघतो तर ह्या एवढ्या लाकडी वलांड्या! आपण बोंबलाचा जबडा बोंबलात अडकवून जोडीनं दोरीवर टाकतो, तिथले लोक मुंडकं कापून दोन कॉडच्या शेपट्या एकत्र बांधतात आणि जोडी दांड्यावर टांगतात. मीठ लावत नाहीत. आपल्याकडे काम ऊन करतं, तिथे थंडी आणि वारा. आर्क्टिक वृत्ताच्या वर असूनही समुद्राच्या गरम प्रवाहामुळे हवा शून्याच्या आसपास राहते, त्याहून खूप खाली गेली तर मासा गोठून खराब होतो आणि ऊब वाढली तर माश्या बसतात, म्हणजे सगळा खेळ त्या चारपाच डिग्रीतला. फेब्रुवारीपासून टांगलेला मासा जूनच्या सुमारास काढतात, तोवर पाच किलोचा जेमतेम किलोभर उरतो. मग प्रतवारी करणारा माणूस एकेक मासा हातात घेऊन, बघून, हुंगून वीसेक प्रतींत वाटतो. तो दिसला तर शेजारी गप्प उभी राहा, प्रश्न नंतर. मुंडकीही वाया जात नाहीत, वाळवून नायजेरियाला जातात, सूपसाठी.

जिभा कापायचं काम मात्र पोरांचं. शाळा सुटली की येऊन बसतात, मुंडकं खिळ्यावर टोचायचं, सुरी फिरवायची, जीभ बादलीत, आणि पैसे त्यांचे स्वतःचे. कॅमेरा लगेच काढू नको, लहान मुलं आहेत, आईबापाला विचार. त्याआधी त्यांना म्हण मला शिकवा. माझा हात इतका हळू चालत होता की एक दहा वर्षांची मुलगी मला हसून हसून दमली, पण त्या संध्याकाळपासून गोदीवर मला कोणी 'टुरिस्ट' धरलं नाही.

आणि क्वेरिनीची गोष्ट तुला कोणीतरी सांगणारच. पिएत्रो क्वेरिनी, व्हेनिसचा व्यापारी, 1431 मधे क्रीटहून वाईन आणि मसाले घेऊन फ्लँडर्सला निघाला, वादळात सुकाणू मोडलं, जहाज सोडावं लागलं, 68 जणांतले 11 शेवटी वाचले. जानेवारी 1432 मधे रोस्टजवळच्या एका ओसाड बेटावर लागले, तिथून गावकऱ्यांनी त्यांना आपापल्या घरी नेलं आणि मे महिन्यापर्यंत सांभाळलं. आणि बघ, क्वेरिनीच्या त्या इटलीलाच आजही सगळ्यात भारी सुका कॉड जातो. तू हे आधी वाचून गेलीस तरी "हो माहितीय" म्हणू नको, प्रत्येकजण वेगळं सांगतो, मला तर तीन जणांनी तीन प्रकारे सांगितलं 😄

वलांडीवर चढून सेल्फी नको, जेवणाची वस्तू आहे ती. ड्रोन तर घरीच ठेव, पक्षी घरटी करतात असे कडे आहेत तिथे आणि पफिनचे आधीच हाल झालेत, 1960 च्या दशकाअखेर हेरिंग मासळी संपली तेव्हापासून बहुतेक वर्षी पिल्लांना पुरेसं खाणं मिळत नाही. फोटो काढलेस तर प्रिंट करून पोस्टानं पाठव. मी पाठवतो म्हणालो होतो, सहा वर्षं झाली, अजून लॅपटॉपमधेच आहेत, त्या जिभा कापणाऱ्या पोरीचा पण. तुला पेनड्राइव्ह देतो, घेऊन जा.

येताना एक सुका कॉड आण माझ्यासाठी. तीनचार पिशव्यांत गुंडाळ नाहीतर सगळे कपडे वास मारतील. आधी ठोकायचा, मग आठवडाभर पाण्यात भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. घरी काकू ओरडणार आहे, ते मी बघतो.

तुझा,
काका