गळतं एकीकडे, ठिबकतं दुसरीकडे

दरवर्षी जुलैमध्ये फोन यायला लागतात, "दादा घर गळतंय, लगेच काहीतरी सांगा". आता भर पावसात मी काय सांगणार, बादली ठेवा म्हणून? यंदा पाऊस उघडल्या उघडल्या पत्रं आली, बरं वाटलं, कारण छपराच्या कामाचा सीझन दिवाळी ते मे एवढाच. सगळी पत्रं घेता येत नाहीत, चार घेतो.

प्रश्न : जुन्या नाशकात आमचा पणजोबांच्या काळचा वाडा आहे, मातीच्या भिंती, सागवानी तुळया, वर मंगलोरी कौलं. तीन पावसाळे झाले, माजघरात एकाच जागी ठिबकतंय. बरोबर त्याच्या वरची सात-आठ कौलं दोनदा बदलली तरी तेच. एक ठेकेदार म्हणतो कौलं काढून स्लॅब टाका, दुसरा म्हणतो वरून केमिकल मारतो, दहा वर्षं बघायला नको. काय करू?

उत्तर : दोघांनाही चहा पाजा आणि परत पाठवा.

आधी स्लॅबचं. चार इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला साधारण २४० किलो वजन. कौलं चौरस मीटरला पंधराएक बसतात, एकेक अडीच-तीन किलोचं, म्हणजे चाळीसेक किलो. तुमच्या मातीच्या भिंतींनी शंभर वर्षं जे पेललं त्याच्या पाच-सहा पट ओझं एकदम डोक्यावर ठेवायचं, तेही ओल खाल्लेल्या भिंतींच्या. विचारसुद्धा नको.

आता गळतीचं. तुम्ही ठिबकतं त्याच्या बरोबर वर बघताय, घोळ तिथेच आहे. कौलातून शिरलेलं पाणी सरळ खाली पडत नाही, ते रिपेवर (कौलं ज्यावर टेकतात त्या आडव्या पट्टीवर) येतं, रिपेवरून वाशाला लागतं, वाशाच्या पोटाखालून घसरत घसरत जिथे गाठ किंवा खिळा भेटेल तिथे थेंब धरतं. आमच्या मावशीच्या वाड्यात देवघरात ठिबकायचं आणि भोक सापडलं नऊ फुटांवर, आढ्याजवळ, ते पण माकडानं सरकवलेल्या एका कौलाचं. तोवर देवघरावरची कौलं तीन वेळा बदलून झालेली, पैसे गेले ते गेलेच.

दुपारी बाराच्या सुमाराला माळ्यावर चढा, खिडकी-झरोका बंद करा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. जिथून उन्हाचा ठिपका आत येतोय तिथे खडूनं खूण करा. मग बॅटरी घेऊन वाशाच्या खालच्या अंगानं बघा, पाणी वाहून गेलेल्या जागी काळपट पट्टा दिसतो, तो ठिबकण्यापासून वर वर धरत न्या. जाता जाता स्क्रूड्रायव्हरचं टोक वाशात दाबून बघा. चांगल्या सागवानात ते जेमतेम टोचतं, अर्धा इंच आत गेलं तर तो वासा गेला, आणि मातीचे नळे दिसले तर वाळवी. लाकडात वीस टक्क्यांच्या वर ओल राहिली की बुरशी धरते, म्हणून नुसतं वाळवीचं औषध मारून भागत नाही, आधी पाणी थांबवायचं.

ठिपके दिसलेच नाहीत तर मला शेजारच्या भिंतीचा संशय आहे. वाड्यांच्या भिंती सामाईक, त्यात शेजारच्यानं वाडा पाडून बिल्डिंग बांधली की दोन गोष्टी हमखास होतात : त्यांच्या टेरेसचा पाइप आपल्या कौलांवर सुटतो, आणि कौलं त्यांच्या भिंतीला टेकतात तिथे फट पडते. त्या फटीत मिस्त्री सिमेंट भरतो. कौलारू छप्पर ऊनपावसानं हलत असतं, सिमेंट काही हलत नाही, एका उन्हाळ्यात चीर. तिथे पत्र्याची पट्टी लागते, वरची कड भिंतीला खाच मारून आत खोचायची, खालची कौलांवर मोकळी ठेवायची. पाइपाबद्दल शेजाऱ्याशी गोडीत बोला, नाही ऐकलं तर लेखी द्या. दोन उतार भेटतात तिथली पन्हळ पण बघा, पिंपळाचं रोप उगवलंय का, असेल तर नुसतं छाटू नका, मुळाजवळच्या चार विटा काढून मूळ काढा आणि चुन्यात परत बसवा.

कौलं बदलताना नवी आणू नका. १८६५ मध्ये बासेल मिशननं मंगळुरात कारखाना काढला आणि मग त्याच धाटणीची कौलं कितीतरी कारखान्यांनी काढली, पण प्रत्येकाचा साचा थोडा थोडा वेगळा. एकाची खाच दुसऱ्याच्या कडेत नीट बसत नाही आणि तिथूनच पाणी आत. जुनं कौल उलटं करा, पोटावर कारखान्याचा छाप असतो, तोच छाप जुन्या मालवाल्याकडे शोधा. मिळालं की बोटाच्या गाठीनं वाजवून घ्या : टण्ण वाजलं तर पक्कं, भद्द वाजलं तर चिरलेलं, फुकट मिळालं तरी घेऊ नका. आणि नाहीच जुळली तर पुढच्या पाखावरची (छपराच्या त्या बाजूच्या उतारावरची) चांगली कौलं मागच्या पाखाला नेऊन गळकं पाख एकजात करा, पुढे वेगळ्या छापाची सगळी एकत्र घाला. पूर्वी दर वैशाखात शाकारणी, म्हणजे कौलं काढून परत नीट बसवणं, व्हायची ती काय हौस नव्हती.

केमिकलबद्दल एवढंच, कौलावर प्लास्टिकसारखा थर बसला की आत शिरलेली ओल बाहेर पडायला वाट उरत नाही, खालची रीप कुजते आणि वरून सगळं छान दिसतं.

प्रश्न : सिडकोत आमचं बंगलीवजा घर, स्लॅबवर तीन वर्षांत दोनदा वॉटरप्रूफिंगचा कोट मारला, दोन्ही वेळा पोपडे निघाले. तिसऱ्यांदा मारू का? कंपनी बदलू?

उत्तर : कंपनीचा दोष असेल-नसेल, पण ओल्या स्लॅबवर जगातला कुठलाच कोट टिकत नाही, उन्हात आतली ओल वाफ होऊन वर येते आणि थर उचलते. आधी सांगा, पाऊस नसताना पण ओल येते का? येत असेल तर टाकीचा किंवा बाथरूमचा पाइप बघा, गच्चीचा विषयच नाही. फक्त पावसातच येत असेल तर पाण्याच्या जाळ्या बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी एक दिवस अडवून ठेवा, खाली कुठे उमटतं ते लिहून ठेवा. बहुतेक वेळा कोपऱ्यात उमटतं, कारण कठडा आणि स्लॅबच्या सांध्याला गोल वाटा (सिमेंटची गोलाई) मारलेला नसतो. उतार दर आठ फुटाला एक इंच तरी हवा, नसेल तर जुना कोबा, म्हणजे स्लॅबवरचा उताराचा थर, काढून नवीन करा, कोट हा शेवटचा हात. आणि खालून प्लास्टर पडून गंजकी सळई दिसत असेल तर हे सगळं राहू द्या, स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा, गंजलेली सळई फुगून काँक्रीट फोडते.

प्रश्न : काका, इगतपुरीला आमचं पत्र्याचं घर आहे. पाऊस नसला तरी पहाटे आतून थेंब पडतात. सगळे स्क्रू सील केले तरी थांबत नाही.

उत्तर : बेटा, पत्रा गळत नाहीये, घामेजलाय. नाशिक शहरापेक्षा इगतपुरीत कितीतरी पट पाऊस, हवा कायम दमट, रात्री पत्रा गार पडतो आणि चुलीची, कपड्यांची, माणसांच्या श्वासाची वाफ त्याला लागून थेंब होते. खात्री करायची तर संध्याकाळी पत्र्याच्या आतल्या बाजूला हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा. सकाळी प्लास्टिकच्या तुमच्याकडच्या अंगाला थेंब असले तर घाम, पत्र्याकडच्या अंगाला पाणी साचलं तर गळती. घाम असेल तर आढ्याला आणि खाली वळचणीला हवा खेळायला जागा ठेवा, जमलं तर पत्र्याखाली इन्सुलेशनचा थर द्या, आणि कपडे आत वाळत घालणं बंद.

प्रश्न : कौलांवर ताडपत्री टाकली, दोन वर्षं एक थेंब नाही. अशीच राहू दिली तर?

उत्तर : या रविवारी काढा, वर केमिकलबद्दल सांगितलं तेच इथेही, ओल आत कोंडते. आणि काढताना कौलावर पाय देऊ नका, आडवी शिडी टाकून तिच्यावरून चढा.