कटिंगला रूटिंग हार्मोन जास्त लावलं तर मुळं लवकर फुटतात का?

नाही, उलट जास्त झालं तर बुडखा काळा पडून सडतो आणि डोळे (फांदीवरचे कोंब) फुटायचे थांबतात. रूटिंग हार्मोनच्या पावडरीत बहुधा आयबीए (इंडोल ब्युटिरिक अॅसिड) किंवा एनएए (नॅफ्थलीन अॅसेटिक अॅसिड) असतं. दोन्ही ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकांच्या गटातली. झाडाचं स्वतःचं मुख्य ऑक्सिन, आयएए (इंडोल अॅसेटिक अॅसिड), उजेडात आणि विकरांमुळे (एन्झाइममुळे) लवकर मोडतं. ही दोन जास्त टिकतात, म्हणून ती वापरतात. ऑक्सिनचं काम कापलेल्या जागेजवळच्या पेशींना मूळ बनवायला लावणं; एकदा ती सुरुवात झाली की पुढच्या वाढीला जादा ऑक्सिन अडथळाच करतं. त्यामुळे प्रमाण फांदी बघून ठरवा. आयबीए पावडरीचा साधारण अंदाज असा:

- कोवळी फांदी: ०.१ टक्का
- अर्धवट पक्व: ०.३ टक्के
- जून, कडक: ०.८ टक्के

डोळ्याच्या जरा खाली ताजा काप घ्या, टोक किंचित ओलं करून पावडरीत बुडवा आणि हलकेच झटका. पातळ थर पुरे. पावडर आधी वेगळ्या वाटीत काढा, डब्यात थेट फांदी घालू नका, नाहीतर ओल आणि बुरशी सगळ्या डब्यात जाते. मातीत आधी काडीने भोक पाडा, म्हणजे खोचताना पावडर पुसली जात नाही.

मात्र मनीप्लांट, कोलियस यांना हे लागतच नाही, आणि आंब्यासारख्या झाडाच्या जून फांदीला लावूनही बहुतेक वेळा मुळं येत नाहीत; तिथे भेट कलम (रोपाला झाडाची फांदी जोडून) किंवा कोय कलम (कोयीच्या कोवळ्या रोपावर फांदी बांधून) करा.