प्रोग्राम कोणी बदलला, आणि ते कशावरून?

प्रश्न : ताई नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमची गाड्यांचे पार्ट बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, सॅप हे कंपनीचे सगळे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरतो, आयटीत आम्ही दोघंच आणि प्रोग्रामिंगचं काम हिंजवडीतला एक सपोर्टवाला बघतो. यंदा ऑडिटर म्हणाले वर्षभरात कुठले प्रोग्राम बदलले, कोणी सांगितलं, कोणी टेस्ट केलं ते दाखवा. मी एक्सेल दिली तर घेतलीच नाही. विश्वास नाही का आमच्यावर? आणि मंथएन्डला घाई असली की प्रॉडक्शन, म्हणजे रोजचं खरं काम चालतं ती सिस्टिम, ओपन करून थेट बदल होतात, त्याचं काय?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : विश्वासाचा प्रश्न नाहीये हो यात. एक्सेलमध्ये तुम्हाला आठवलेले बदल असतात आणि ऑडिटरला नेमका न आठवलेला बदल हवा असतो. शिवाय ज्याने बदल केला त्यानेच नोंद लिहायची म्हणजे उधारीची वही गिऱ्हाइकाच्याच हातात दिल्यासारखं झालं. नोंद सिस्टिमने आपणहून ठेवलेली पाहिजे, आणि सॅप ती ठेवतंच, आपण फक्त उलट्या टोकाकडून बघतो.

म्हणजे कसं, तर आपण तिकीट, म्हणजे कामाची नोंदवलेली मागणी, हातात घेतो आणि त्याचं काम झालं का ते बघतो. त्यातून एवढंच कळतं की मागितलेलं काम झालं, न मागता काय झालं ते कधीच कळत नाही. म्हणून सुरुवात प्रॉडक्शनपासून करा. एसटीएमएस या सॅपच्या स्क्रीनमध्ये इम्पोर्ट हिस्टरी, म्हणजे प्रॉडक्शनला कुठला बदल कधी आणला याची नोंद असते, तिथून १ एप्रिल ते ३१ मार्चची यादी काढा आणि एकेका ट्रान्सपोर्ट रिक्वेस्टसमोर (म्हणजे बदल एका सिस्टिममधून दुसरीत नेणाऱ्या गाठोड्यासमोर) तिकीट, मंजुरी, टेस्टिंग लावत जा. ज्यांच्यासमोर काही सापडणार नाही तीच खरी यादी. ई०७० या टेबलमध्येही रिक्वेस्ट आणि तिचा ओनर मिळतो, पण डेव्हलपमेंटमधून, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या सिस्टिममधून, आलेल्या रिक्वेस्टची तिथली तारीख म्हणजे प्रॉडक्शनला इम्पोर्ट झाल्याची तारीख धरू नका, ती हिस्टरीतूनच घ्या.

आता थेट बदलांचं. रिक्वेस्टच्या नंबराची पहिली तीन अक्षरं ती ज्या सिस्टिममध्ये जन्मली तिची असतात. प्रोग्रामचे बदल डेव्हलपमेंटमधून आले तर नंबर तिथल्या अक्षरांनी सुरू होणार, आणि प्रॉडक्शनच्याच अक्षरांनी सुरू होणारा नंबर दिसला तर समजायचं की बदल तिथेच बसून केलाय. मंथएन्डचे तुमचे बदल असेच उघडे पडतील आणि पडू द्या, ऑडिटरने शोधून काढण्यापेक्षा तुम्ही स्वतः समोर ठेवलेलं केव्हाही बरं. मंजुरी नसेल तर आजची तारीख टाकून लिहा की मंजुरी नव्हती, बदल काय होता, आता कोणी तपासला. मागच्या तारखेचा मेल बनवून घ्यायचं तर मनातही आणू नका, साधी चूक एका मिनिटात खोटेपणा होऊन बसते.

पुढच्या वर्षासाठी एससीसी४ आणि एसई०६ या सॅपच्या दोन्ही सेटिंग स्क्रीनमधून प्रॉडक्शन थेट बदलांसाठी बंद ठेवा. उघडायची वेळ आलीच तर कोणी, का, किती वाजता ते आधी लिहा आणि काम झालं की लगेच बंद. रेक/क्लायंट हे पॅरामीटर चालू आहे का तेही बघा, ते बंद असेल तर सेटिंगच्या टेबलांमधल्या बदलांचा लॉग तयारच होत नाही आणि नंतर चालू करून मागचं काही परत मिळत नाही. डीबगरमध्ये, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आत बघायच्या साधनात, व्हॅल्यू बदलायचा अधिकार प्रॉडक्शनला कोणालाच देऊ नका, त्या बदलाची ट्रान्सपोर्ट रिक्वेस्ट होत नाही, फक्त एसएम२१ या सिस्टिमच्या लॉगमध्ये ओळ पडते आणि तो लॉग भरला की जुनं पुसलं जातं.

एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. प्रोग्रामच्या जुन्या व्हर्जन डेव्हलपमेंट सिस्टिममध्ये साठतात, प्रॉडक्शनला इम्पोर्ट करताना त्या आपोआप बनत नाहीत, त्यासाठी वेगळं पॅरामीटर लावावं लागतं. त्यामुळे कोणी प्रॉडक्शनची कॉपी मारून डेव्हलपमेंट नव्याने उभी करू म्हणालं तर आधी व्हर्जनचं काय करणार ते विचारा, नाहीतर काल काय होतं आणि आज काय आहे हे दाखवायची सोयच जाते.

दोघंच आहात तरी चालेल. सपोर्टवाल्याने लिहायचं, तुमच्यातल्या एकाने टेस्ट करून घ्यायचं आणि इम्पोर्ट दुसऱ्याने करायचा. लिहिणाऱ्याकडे इम्पोर्टचा अधिकार नको, एवढं एक जरी केलंत तरी ऑडिटरचे निम्मे प्रश्न संपतील असं मला वाटतं.

प्रश्न : मार्केटयार्डात माझी प्रोप्रायटरशिप आहे, हिशोब टॅलीत. एडिट लॉग, म्हणजे एंट्री कोणी कधी बदलली याची नोंद, सक्तीचा आहे का?
– एक व्यापारी

उत्तर : कंपनी कायद्याखालचा तो नियम कंपन्यांना आहे, १ एप्रिल २०२३ पासून. तुम्हाला त्या नियमाची सक्ती नाही. पण तो लॉग व्हाउचर कोणी बदललं ते सांगतो, सॉफ्टवेअर कोणी बदललं ते नाही, हे कंपनीवाल्यांनीही लक्षात ठेवावं. आणि कंपनी असेल तर लॉग वर्षभर चालू हवा, बंद करता येता कामा नये आणि ८ वर्षं जपायला हवा. तुम्ही मात्र दुकानात दोन-तीन माणसं एंट्री करत असतील तर सक्ती नसली तरी चालू करा.

प्रश्न : कोथरूडला आम्ही चौघं मिळून बिलिंग सॉफ्टवेअर बनवतो. सगळा कोड गिटमध्ये, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल साठवणाऱ्या साधनात, आहे, मग वेगळं रेकॉर्ड कशाला?
– एक डेव्हलपर

उत्तर : गिट उत्तमच आहे, प्रत्येक कमिट, म्हणजे साठवलेला बदल, आधीच्या कमिटला बांधलेली असते त्यामुळे मधलं काही बदललं की पुढचे सगळे हॅश, म्हणजे कमिटची ओळख सांगणारे अक्षर-आकड्यांचे कोड, बदलतात. पण कमिटवरचं नाव कॉन्फिगमधून येतं, तिथे कोणीही कोणाचंही नाव टाकू शकतो. म्हणून कमिट डिजिटल सहीने साइन करायची सवय लावा. मेन ब्रांच, म्हणजे कोडची मुख्य शाखा, प्रोटेक्ट करा, फोर्स पुश, म्हणजे जुन्या नोंदींवर जबरदस्तीने नवं लिहिणं, बंद, आणि दुसऱ्याने बघितल्याशिवाय मुख्य शाखेत मर्ज नाही, मालक असला तरी नाही.

आणि गिटला तुमचा कोड माहीत असतो, कस्टमरच्या मशीनवर आत्ता काय चालू आहे ते माहीत नसतं. कोणीतरी रात्री सर्व्हरवर जाऊन फाइल बदलली तर गिटला त्याचा पत्ताही लागत नाही. तेव्हा बिल्ड करताना, म्हणजे कोडपासून चालतं सॉफ्टवेअर बनवताना, कमिटचा हॅश त्यातच टाका, सॉफ्टवेअरच्या माहितीच्या स्क्रीनवर दिसू द्या, सर्व्हरवर फाइल टाकायचा अधिकार माणसांकडून काढून बिल्डच्या स्क्रिप्टला द्या, आणि कस्टमरचा कंप्लेंटचा फोन आला की आधी तो हॅश विचारून लिहून घ्या.