कांदा घाईत परतू नकोस

कांदा पाच मिनिटांत छान लाल होतो असं कुठे वाचलं असशील, तर विसरून जा. त्यातलं पाणी उडेपर्यंत कांदा १०० अंशांच्या आसपासच रेंगाळतो. खरा रंग साधारण १४० च्या पुढे चढतो. म्हणून पसरट भांडं घे, आच मध्यमच ठेव आणि चिमूटभर मीठ सुरुवातीलाच टाक, म्हणजे पाणी लवकर सुटतं. तळाला लागायला लागला की दोन चमचे पाणी शिंपडून खरवड, चव तिथेच असते. गडद बदामी रंगाला मला अजूनही अर्धा तास लागतो. नवखा असताना मी आच वाढवली होती. कडा करपल्या, आत कच्चा, अख्खा टोप फेकावा लागला. आणि हो, सुरीला धार लाव. बोथट सुरी कांद्यावरून घसरते, थेट बोटावर.