पनीरचं पाणी, जुना मदरबोर्ड आणि सोनं

झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी चीज करताना उरणाऱ्या पाण्यातल्या प्रथिनांचा स्पंज बनवला आणि त्यानं संगणकाच्या मदरबोर्डांतलं सोनं वेगळं केलं. ही बातमी २०२४ ची. तेव्हापासून तेच ते प्रश्न येत आहेत, म्हणून एकदाच उत्तरं देतो.

पनीरच्या पाण्यात बोर्ड भिजत घातला तर सोनं सुटतं का?

नाही.

मग तो स्पंज करतो काय?

प्रथिनं आम्लात तापवली की त्यांचे अतिसूक्ष्म धागे होतात. त्यांचा जेल वाळवला की स्पंज तयार. धातू विरघळलेल्या द्रावणात तो ठेवला की इतर धातूंपेक्षा सोन्याचे आयन जास्त धरतो. नंतर तापवून सोन्याचे कण मिळतात, ते वितळवून गोळी करतात.

म्हणजे ही पद्धत बिनआम्लाची, घरी करण्याजोगी?

हाच गैरसमज मला सगळ्यात जास्त सतावतो. बोर्डावरचे धातू आधी विरघळवावे लागतात, आणि ते काम आम्लाचंच. स्पंज त्याच्या पुढच्या टप्प्यावर येतो. भंगारातले लोक हे काम अम्लराजानं करतात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण. पत्र्याच्या शेडमध्ये प्लास्टिकच्या बादलीतून तांबूस धूर निघताना मी पाहिला आहे. बादलीवर वाकलेल्या कारागिराची बोटं पिवळी पडली होती. नायट्रिक आम्लानं कातडीतलं प्रथिन पिवळं होतं, ते धुऊन जात नाही. त्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड छातीत गेला तर आधी नुसता खोकला येतो, तो थांबतोही, आणि काही तासांनी फुफ्फुसात पाणी साचू शकतं. म्हणून बरं वाटलं तरी थेट रुग्णालय गाठा, सकाळची वाट पाहू नका. वापरलेलं आम्ल मोरीत ओतलं की त्याबरोबर तांबं आणि शिसंही जातं. कुणी व्हिडिओत करून दाखवलं म्हणून ते सुरक्षित होत नाही.

सोनं काढायची किट ऑनलाइन मिळते. घेऊ का?

घेऊ नका. झुरिकमध्ये २० मदरबोर्डांतून जेमतेम ४५० मिलिग्रॅमची गोळी निघाली, त्यात ९१ टक्के सोनं आणि बाकी तांबं. तेही सुसज्ज प्रयोगशाळेत. ‘घरबसल्या कमाई’ म्हणणारा विक्रेता कमावतो तो तुमच्या पैशांवर. कारखाना काढायचा विचार असेल तर यंत्र घेण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाशी आणि रासायनिक अभियंत्याशी बोला.

कपाटात तीन जुने फोन आहेत. एकाची पाठ फुगली आहे. भंगारवाल्याला देऊ?

त्याला नको. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण करणाऱ्याला द्या, किंवा फोनच्या कंपनीच्या सेवा केंद्रात चौकशी करा. फुगलेल्या फोनसाठी आजच फोन करून विचारा. तोवर तो चार्जिंगला लावू नका, उघडू नका, टोचू नका.