हरीण आणि रानडुक्कर, दोहोंसाठी एकच रायफल: कोणती घ्यावी?

जर्मनीत शिकारीचा परवाना नुकताच हाती आला आहे, तेव्हा रो हरीण (युरोपातले लहान चणीचे हरीण) आणि रानडुक्कर या दोहोंसाठी हलकी .२२३ रायफल (सुमारे ५.७ मिलिमीटर व्यासाच्या गोळीची) पुरेल का, असे आपण विचारले आहे. हरणासाठी ती कायद्यात बसते, रानडुकरासाठी बसत नाही. तेथील संघीय शिकार कायद्यानुसार रो हरणासाठी १०० मीटरवर गोळीत किमान १००० ज्यूल ऊर्जा शिल्लक असावी लागते. रानडुकरासाठी मात्र गोळीचा व्यास किमान ६.५ मिलिमीटर आणि त्याच अंतरावर ऊर्जा किमान २००० ज्यूल, अशा दोन्ही अटी आहेत. या दोन्ही जनावरांवर छऱ्यांचा बार टाकण्यास मनाई आहे.

एकच रायफल घ्यायची तर ती आपल्या सावजांपैकी सर्वांत दणकट जनावराकडे पाहून घ्यावी. .३०८ विंचेस्टर किंवा ६.५×५५ या काडतुसाची रायफल दोहोंना पुरते. त्याहून जड काडतुसाचा मोह टाळावा, कारण धक्क्याची धास्ती बसली की चाप ओढण्याआधीच खांदा आक्रसतो आणि नेम ढळतो. पोटात बसलेली मोठी गोळी फुप्फुसात बसलेल्या लहान गोळीपेक्षा कितीतरी क्रूर असते.

जनावर आडवे उभे राहीपर्यंत थांबावे आणि पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या भागात नेम धरावा. सोबत पिले असतील तर मादीवर बंदूक उचलूही नये; पिले तिच्यावर अवलंबून असेपर्यंत कायदाही तिला संरक्षण देतो.

बार झाल्यावर लगेच मचाणावरून उतरू नये, हे मी पहिल्याच वर्षी फार वाईट रीतीने शिकलो. हरीण उभे होते तेथे मी दोन मिनिटांत पोहोचलो, तर गवताच्या पात्यांवर फुप्फुसाचे फेसाळ, फिकट लाल रक्त नव्हते. हिरवट, आंबूस वासाचा चोथा चिकटलेला होता. गोळी पोटात गेली होती. तेव्हाच मागे फिरून काही तास थांबायला हवे होते. मी माग काढत पुढे गेलो, झुडपात बसलेले हरीण उठले आणि अंधारात दिसेनासे झाले. सकाळी एका शेजाऱ्याच्या बव्हेरियन माग-कुत्रीने ते शोधून दिले. रात्रीतून ते किती वेळ तडफडले असेल, हा विचार अजून मनातून जात नाही.

म्हणून रायफल घेण्याआधी, माग काढणारे शिकवलेले कुत्रे जवळपास कोणाकडे आहे ते विचारून त्यांचा क्रमांक घेऊन ठेवावा, आणि दिवस मावळताना नेमाबद्दल जराही शंका वाटली तर चापावरचे बोट काढून घ्यावे.