आजीला दहा चिंबोऱ्या कशाला हव्यात?

प्रश्न : ताई, मी नेरूळला राहतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, मित्रासोबत छोटा रोल प्लेइंग गेम बनवतोय. गोष्ट दिवाळे कोळीवाड्यात आणि खाडीत घडते. मेन स्टोरी आवडते सगळ्यांना पण साइड क्वेस्ट, म्हणजे मेन स्टोरीबाहेरची छोटी कामं, कोणी खेळतच नाही, डायलॉग तर सरळ स्किप मारतात. एक आजी दहा चिंबोऱ्या मागते, दिल्या की कॉइन मिळतात. कॉइन वाढवू का?

उत्तर : कॉइनला हात लावू नकोस. तुझ्या आजीला चिंबोऱ्या नकोच आहेत रे, तुला क्वेस्ट हवी होती म्हणून ती मागतेय, आणि खेळणाऱ्याला ते लगेच कळतं.

२०१५ चा ‘द विचर ३’ हा गेम बघ. अगदी सुरुवातीच्या गावात एक म्हातारी बंद झोपडीतून फक्त आपला तवा काढून द्यायला सांगते, दार उघडावं तर आत प्रेत! बक्षीस फुटकळ, तरी लोकांना ती क्वेस्ट अजून आठवते, कारण तिला तो तवा खरंच हवा असतो.

कॅरेक्टरचं म्हणशील तर माझा आवडता २०१० च्या ‘मास इफेक्ट २’ या गेममधला मॉर्डिन, परग्रहावरचा शास्त्रज्ञ. भराभर बोलतो, मध्येच गाणं म्हणतो, पण नुसत्या लकबीवर माणूस उभा राहत नाही. क्रोगन या दुसऱ्या परग्रही जमातीला फार मुलं होऊ नयेत म्हणून केलेल्या कामात याचा हात होता, आणि ते बरोबरच होतं असं तो ठासून सांगत असतो. मग त्याच्या क्वेस्टमध्ये त्याचाच जुना विद्यार्थी ते काम उलटवायला निघालेला सापडतो, तिथे प्रयोगात मेलेली एक क्रोगन बाई दिसते आणि हा बडबड्या माणूस तिच्यासाठी प्रार्थना करतो. ही क्वेस्ट टाळलीस तर शेवटच्या मोहिमेत तो मरायची शक्यता वाढते, म्हणजे गेम पण हिशोब ठेवतो.

आता तुझी आजी. समज, मुलासाठी पोरगी बघतायत, पाहुणे जेवायला येणार, आणि तिने सांगून ठेवलंय की मुलगा अजून होडी घेऊन जातो, खरं तर तो वाशीला रात्रीची डिलिव्हरी करतो. म्हणून चिंबोऱ्या हव्यात, त्या पण अमावस्येच्या, भरलेल्या, पोकळ आणल्यास तर ती हातात उचलून बघूनच परत करेल. हे सगळं तिने एका दमात सांगायचं नाही हं! मुलाचं नाव काढलं की विषय बदलू दे, पोरगा नंतर बसस्टॉपवर भेटू दे. चिंबोऱ्या गुपचूप द्यायच्या की पोराला आधी विचारायचं, हे खेळणाऱ्यावर सोड. आणि त्यानंतर कोळीवाड्यात काहीतरी बदललंच पाहिजे, होडी विकायला काढलेली दिसू दे किंवा आजीने बोलणंच टाकू दे.

तिचे डायलॉग मात्र आगरी-कोळी घरातल्या कुणाकडून तरी बोलून घे, पुस्तकी मराठीत ती आजी वाटणारच नाही. आणि बाकीच्या क्वेस्ट तूर्तास बंद ठेव, ही एकच नीट करून चार जणांना खेळायला दे, स्किप कुठल्या वाक्यावर मारतात तेवढं शेजारी बसून बघ.